सकाळी वायंडिंग चालू असते

मारेगावात आमचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं. विहिरीत नाहीतर बोअरमध्ये बुडवलेली मोटर जळली की लोक ती आमच्याकडे आणायचे. जळकी तार काढायची, नवी भरायची, मोटर पाण्याच्या टाकीत चालवून पाहायची आणि परत द्यायची. काम सांगायला एवढंच. लग्न होऊन आले तेव्हा दुकान नवऱ्याचं होतं आणि त्याला समोर बसायला एक माणूस हवा होता. पगाराचा माणूस त्याच्याजवळ टिकायचा नाही. मी टिकले, कारण मला दुसरीकडे जायला जागा नव्हती.

त्याला इथं ‘तो’ म्हणते आहे. तोंडाने आजही ‘हे’च म्हणते, सवय जात नाही.

अशा पाण्यात बुडवायच्या मोटरीची तार यंत्रावर गुंडाळून बसवता येत नाही. लोखंडी नळीच्या आतल्या बाजूने उभ्या खाचा असतात. एका खाचेतून तार ओवायची, पलीकडच्या माणसाने ती ओढून घ्यायची आणि दुसऱ्या खाचेतून परत पाठवायची. हा झाला एक वेढा. प्रत्येक खाचेचे वेढे ठरलेले असतात. कमीजास्त झाले की मोटर तापते आणि पुन्हा जळते. मोजणी तोंडानेच करावी लागते. मध्ये कोणी हाक मारली, आकडा सुटला, की भरलेली तार उपसून पहिल्यापासून सुरुवात.

तेव्हा तो मोजायचा आणि मी ओढायची. ओढायला उशीर झाला किंवा तार कडेला घासली, की पेचकसाचा दांडा माझ्या बोटांच्या पेरांवर बसायचा. त्याला ते मारणं वाटायचं नाही. “ध्यान ठेव,” एवढंच म्हणायचा आणि पुढचा आकडा बोलायचा. आकडा मात्र त्याचा कधी चुकला नाही. माझी बोटं सुजलेली असायची आणि मोटरी वर्षानुवर्षं चालायच्या.

मुलगी शाळेत होती त्या काळात एका गावात बोअरमधून मोटर वर ओढताना त्याचा उजवा हात साखळीच्या कप्पीत गेला. नागपूरला अंगठा आणि शेजारची दोन बोटं काढावी लागली. परत आल्यावर तो पुष्कळ दिवस पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडून असायचा. दुकानात लोकांच्या मोटरी पडल्या होत्या. मी मोजायच्या बाजूला बसले. ओढायला मागच्या गल्लीतल्या आपाला बोलावलं. तिच्या घरात सगळे ट्रकचे मेकॅनिक. नवरा पांढरकवड्याला हायवेवर गॅरेजात कामाला आणि आठवड्याला एकदा घरी यायचा. तार, पाना, ग्रीस हे तिला नवं नव्हतं. पहिल्या दिवशी मी तिला नीट सांगायला लागले तर ती म्हणाली, “वहिनी, तुम बस गिनती करो. मी ओढतो.” आपा हिंदी आणि वऱ्हाडी एकाच वाक्यात बोलते, आणि मारेगावात कोणाला त्यात काही वेगळं वाटत नाही.

आम्ही दोघींनी भरलेली पहिली मोटर टाकीत चालली तेव्हा नवरा पलंगावरून उठून बघायला आला. आवाज ऐकला, मान हलवली आणि म्हणाला, “नशीब.”

दुसऱ्या दिवसापासून तो दुकानात समोर खुर्ची टाकून बसायला लागला.

कापसाला आणि हरभऱ्याला पाणी द्यायचे दिवस आले की व्होल्टेज कमी होतं आणि मोटरी जळतात. तेव्हा आमच्या दुकानापुढे ऑटो, बैलबंड्या, ट्रॅक्टर लागायचे. ज्याची मोटर त्याचं पीक, म्हणून प्रत्येकाला आत्ताच हवी. माझा दिवस असा जायचा: तार अर्धी ओवलेली, तेवढ्यात फोन. फोन ठेवला की समोरून नवरा, “अवो, पाहुने आले, चहा मांड.” चहा झाला की कोणी विचारायचा, माझी झाली का? त्याला उत्तर द्यायचं, मग कोणाची जळकी मोटर उघडून दाखवायची, मग कोणाला बेअरिंग द्यायचं. परत येऊन बसावं तर आकडा गेलेला. सकाळपासून घाम गाळून संध्याकाळी एकही मोटर पुरी झालेली नसायची. लोक शिव्या द्यायचे ते मला. नवरा त्यांच्यासोबत मान हलवायचा. “काय सांगू भाऊ, बाईमानसाचं काम,” म्हणायचा.

त्या वर्षी धंदा करणाऱ्या बायांसाठी यवतमाळला एका दिवसाचं शिबिर होतं. मी गेले ते खरं तर एक दिवस दुकानातून सुटका म्हणून. पापडवाल्या, शिलाईवाल्या, ब्युटी पार्लरवाल्या, आणि मोटरवाली मी एकटी. शिकवायला आलेली बाई स्वतः डबे पुरवायचा धंदा करायची. सकाळभर ती जे बोलली त्यातलं अर्धं माझ्या डोक्यावरून गेलं. मग तिने विचारलं, “तुमच्या धंद्यात असं कोणतं काम आहे, जे मध्येच तोडलं तर पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं?”

मी उभी राहून म्हणाले, “वेढे मोजणं.”

बाकीच्या हसल्या. ती हसली नाही. म्हणाली, “मग ते दिवसात सगळ्यात आधी, अंगात जोर असताना. दार लावून, फोन बंद. बाकी सगळ्या कामांची एक टोपली करायची आणि ती दुपारनंतर उघडायची. पहिला महिना लोक ओरडतील. नंतर त्यांनाच सवय होते.”

त्या अख्ख्या दिवसात मी एवढंच शिकले. तेवढं घेऊन एसटीने परत आले.

पेंटरकडून पत्र्याची पाटी करून घेतली: ‘सकाळी वायंडिंग चालू असते. गिऱ्हाइकांनी दुपारच्या जेवणानंतर यावे.’ दिवसाचे तीन भाग केले. सकाळी शटर अर्धं ओढून फक्त तार भरायची, फोन बंद करून चहाच्या रिकाम्या डब्यात. जेवणानंतर शटर वर, गिऱ्हाइकं, फोन, जळक्या मोटरी उघडणं, सुट्या सामानाची विक्री. उन्हं उतरली की टाकीत चाचणी आणि केबलचे जोड, म्हणजे मोटरी न्यायला आलेल्यांना उभं राहावं लागत नाही. वणीहून सामान आणणं आठवड्यातून एकदाच, आधीसारखं रोज कशाला तरी धावणं नाही.

जोडाचं काम मी नवऱ्याला दिलं. मोटरीतून निघालेल्या तारा वरच्या केबलला जोडायच्या आणि पाणी शिरू नये म्हणून त्यावर रबरी टेप ताणून थरावर थर चढवायचे. डावा हात आणि उजव्याची उरलेली दोन बोटं एवढ्यावर ते त्याला जमत होतं. त्याला दिवसात जागा राहावी असं मला वाटलं होतं.

त्याने पाटी वाचली आणि मोठ्याने हसला. “मॅडम हापिसर झाल्या,” म्हणाला.

सकाळी तो अर्ध्या शटरबाहेर खुर्ची टाकून बसायचा आणि येईल त्याला सांगायचा, “थांबा भाऊ, साहेबीनबाईची पूजा चालू हाय.” कोणी विचारलं, आत काय चाललंय, तर म्हणायचा, “झोपल्या असतीन.” हसण्याचा आवाज शटरखालून आत यायचा. आपा मान खाली घालून तार ओढायची. असं असूनही पहिल्याच आठवड्यात आम्ही जेवणाच्या आधी एक मोटर पुरी भरायला लागलो, आधी ज्याला दोन दिवस जायचे. हे त्याच्या लक्षात आलं तेव्हा त्याने खुर्ची आत घेतली.

आता तो आमच्याजवळ बसायचा, काही न करता. मी मोजत असायची, “सव्वीस, सत्तावीस...” आणि तो शेजारून, अगदी शांत आवाजात, “एकतीस, बत्तीस.” मी थांबले की म्हणायचा, “काय झालं? मोज ना. मी माह्यं मोजून राह्यलो.” पुन्हा सुरू केलं की पुन्हा तेच, कधी पुढचे आकडे, कधी मागचे. त्याचा मोजणीचा आवाज माझ्या कानात इतकी वर्षं बसलेला होता, की त्याने आकडा म्हटला की माझी जीभ आपोआप त्याच्या मागे जायची. मी चुकले की तो डाव्या हाताने मांडीवर थाप मारून हसायचा. बाहेर कोणी थांबलेलं असलं तर त्याला वाकून बोलवायचा, “या या, गंमत पाहा.” दोनतीन माणसं शटरखाली वाकून बघायची, मी तार उपसत असायची.

मी एकदा हात जोडले. म्हटलं, “अहो, कायले करता असं? घर याच्यावरच चालते.”

“तुहं चालते,” तो म्हणाला. “माह्यं कुठी काय चालते?”

उपाय आपाने काढला. मंगळवारच्या बाजारातून ती प्लास्टिकच्या मण्यांचा सर घेऊन आली, बांगडीवाल्याकडे मिळतो तसा. तिने तो सुटा ओवून माझ्या मांडीवर ठेवला. “जबान से मत गिनो वहिनी. उँगली को गिनने दो.” एक वेढा झाला की एक मणी सरकवायचा. खाच भरली की सर उलटा. दोन दिवसांत बोटांना सवय झाली. तो आकडे म्हणत राहिला आणि आमच्यावर त्याचा काही परिणाम होईना. मी तर तोंडाने आपाशी भाजीचं बोलायची. तो आवाज वाढवायचा. एका सकाळी ओरडून ओरडून त्याला खोकल्याची उबळ आली आणि आम्ही दोघी तार ओढत राहिलो. कोणी पाणी द्यायला उठलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुकानात आले तर सर कापलेला होता. मणी फरशीभर. तो आधीच येऊन खुर्चीवर बसला होता, पाय मण्यांवर, एकेक टाचेखाली चिरडत. “उंदरं झाले बहुत,” म्हणाला. आपाने ओढणीच्या पदरातून दुसरा सर काढून माझ्यापुढे ठेवला. तिने बाजारातून दोन आणले होते.

यानंतर तो गप्प झाला. सकाळी बस स्टँडसमोरच्या टपरीवर जायला लागला, दुपारनंतर येऊन जोड करायचा आणि उठायचा. मला वाटलं, हरला आणि शांत झाला. दुकान चांगलं चालायला लागलं होतं. शिबिरातल्या बाईने सांगितलं तसंच झालं, लोकांना पाटीची सवय लागली. दुपारीच यायचे, आणि सांगितलेल्या दिवशी मोटर मिळते म्हणून पुन्हा आमच्याकडेच यायचे.

मग एका दुपारी तांड्यावरचा एक शेतकरी आपली मोटर घेऊन परत आला. नेऊन आठवडा झाला नव्हता आणि ती बंद पडली होती. माणूस रागाने ओरडत होता. पाइप सगळे वर काढायला माणसं लावली, पुन्हा सोडायला लावणार, हळद सुकते आहे. दुकानात तेव्हा पाचसहा गिऱ्हाइकं होती.

मी काही बोलायच्या आधी नवरा खुर्चीतून म्हणाला, “मी सांगत होतो लोकाइले. गप्पा मारत तार भरतात ह्या दोघी. मनी सरकवतात. वेढे चुकले असतीन, अजून काय?”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. एक जण म्हणाला, “बाई, माही बी तुमच्याकडंच हाय बरं.” दुसऱ्याने आपली मोटर उचलून दाराकडे नेली.

मी आधी जोड हातात घेतला आणि ब्लेडने टेप कापली. ती सालीसारखी एका ओढीत निघाली. रबरी टेपचा एक थरही नव्हता. घरातल्या दिव्याच्या वायरला लावतात ती साधी काळी टेप, एकदाच गुंडाळलेली, आणि आत पाणी. त्याला माहीत नव्हतं असं होऊच शकत नाही. जोड कसा करायचा ते मला त्यानेच शिकवलं होतं, पेचकसाच्या दांड्याने.

मग मोटर उघडून आतली तार दाखवली. तार कोरी होती, कुठे काळी पडलेली नव्हती. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, “तार मी भरली. जोड यायनं केला.”

तांड्यावरचा माणूस जोडाकडे बघून नवऱ्याच्या हाताकडे बघायला लागला. त्याचा राग उतरला. “जाऊ द्या वो बाई,” तो म्हणाला, “हाताले जमत नसन त्यायच्या.”

“हाताले जमते,” मी म्हटलं. “मनाले जमत नाई.”

नवरा उठला. दोन बोटांचा हात त्याने खिशात घातला आणि गेला. मला तेव्हा वाईट वाटलं नाही. आत्ताही लिहिताना वाटत नाही.

संध्याकाळी सासू आणि भासरे, म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ, घरी आले. भासऱ्यांची शेती मारेगावच्या बाहेर, सासू त्यांच्याकडे राहायची. नवरा आतल्या खोलीत होता आणि बाहेर आला नाही. सासूने पाणी घेतलं नाही. म्हणाली, “हात त्याचा देवानं घेतला. तोंड तू घेतलं.”

मी म्हटलं, “आई, त्यायनं मुद्दाम केलं.”

“मंग? नवरा हाय. मुद्दाम करन, नाई करन. तुह्यानं झाकल्या गेलं नाई?”

भासरे कमी बोलतात. ते म्हणाले, “दुकानाची जागा आमच्या बापाची हाय. उद्या पाटी काढ, चारचौघांत त्याची माफी माग. नाईतर जागा खाली कर.”

मुलगी अकरावीला, यवतमाळला होस्टेलवर होती. तिला फोनवर विचारलं, काय करू? ती म्हणाली, “मला नका मध्ये घेऊ तुम्ही दोघं.”

मी जागा खाली केली. पाटी काढली ती वणी रोडवर नव्या ठिकाणी लावायला. तिथं आधी पंक्चरचं दुकान होतं, टिनाचं शेड आणि मागे राहायला एक खोली. आपाच्या दिराने ट्रॉली आणली. पाण्याची टाकी तेवढी भासऱ्यांनी नेऊ दिली नाही, म्हणून पहिले दिवस मी लोकांच्या मोटरी ड्रममध्ये चालवून पाहिल्या. सासरच्या घरातून कपड्यांची पेटी आणि मुलीची पुस्तकं घेतली. नवरा दारात उभा होता. “जाय,” म्हणाला. “पाहू किती मनी सरकवतं.”

त्याने जुन्या दुकानात पांढरकवड्याहून तार भरणारा एक वायंडर पगारावर आणला. पहिल्या हंगामात बरीच गिऱ्हाइकं तिकडे गेली, कारण तिथं पाटी नव्हती, कधीही या. पण कधीही या म्हटलं की सगळे एकदमच येतात. तो वायंडर माझ्या आधीच्या दिवसांसारखा फोन, चहा, शिव्या यांत अडकला असेल, आणि समोर नवरा मोजायला बसला असेल. मी पाहिलं नाही, पण मला ते बसणं माहीत आहे. ऐन हरभऱ्याच्या पाण्याच्या दिवसांत, एक मोटर अर्धी भरलेली टाकून, तो माणूस निघून गेला.

ती मोटर भासऱ्यांच्या शेतातली होती.

सकाळी शटर अर्धं होतं. बाहेर ऑटो थांबल्याचा आवाज आला आणि शटरखालून मला ओळखीच्या चपला दिसल्या, दोन जोड. भासऱ्यांनी पत्रा वाजवला. आपाने माझ्याकडे पाहिलं. मी मणी सरकवला.

“मी हो,” बाहेरून भासरे म्हणाले. “शेतातली मोटर आनली. हरभरा फुलावर हाय. जरा पाह्यतं का?”

मी आतूनच सांगितलं, “पाटी वाचा.”

ते म्हणाले, “घरच्या मानसाले बी पाटी?”

“सगळ्याइलेच हाय.”

ते गेले नाहीत. मारेगावात दुसरीकडे कुठे जायला नव्हतं, वणीतल्या दुकानांत त्या दिवसांत रांगा होत्या. दोघे भाऊ बाहेरच्या बाकड्यावर बसले. मला त्यांचे पाय जेवणापर्यंत दिसत होते. ऊन सरकत बाकड्यावर आलं, तसे ते बाकड्याच्या टोकाला सरकले, मग उभे राहिले. त्या सकाळी मी आणि आपाने नेहमीपेक्षा जास्त तार भरली. हात हलके चालत होते. मला मजा येत होती, हे न सांगितलं तर खोटं होईल.

जेवून शटर वर केलं. तोवर आणखी गिऱ्हाइकं आली होती. मी भासऱ्यांची मोटर उघडून पाहिली. अर्ध्या खाचा भरलेल्या, त्याही चुकीच्या. “सगळी उपसावी लागन,” म्हटलं. “तुमच्या आधी तिघांच्या हायेत. त्यायच्या झाल्या की तुमची.”

“हरभरा...” भासरे म्हणाले.

“त्यायचाबी हरभराच हाय.”

त्या तिघांतला एक जण म्हणाला, आपला नंबर तो भासऱ्यांना देतो, म्हातारा माणूस आहे. मी नाही म्हटलं. नंबर बदलत नाही. नवऱ्याने तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. तो रागावलेला नव्हता. एखाद्या यंत्राकडे बघावं तसं बघत होता, कुठून बंद करायचं ते न समजणाऱ्या माणसासारखं. मग भावाच्या दंडाला धरून म्हणाला, “चाल. भरन ते. नंबरानं भरन.”

मोटर मी नंबराने भरली, जोडही मीच केला. न्यायला भासऱ्यांचा गडी आला. हरभऱ्याचं काय झालं ते मी विचारलं नाही आणि मला कोणी सांगितलं नाही. जुनं दुकान बंद झालं. आता तिथं मोबाइलची कव्हरं विकतात. नवरा भावाच्या घरी राहतो.

त्याच्या पुढच्या पावसाळ्यात होस्टेलवर मुलीला ताप आला. दोन दिवस तिने कोणाला सांगितलं नाही, तिसऱ्या दिवशी सकाळी उभं राहवेना. तिथल्या बाईंनी मला फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. मग मुलीने बापाचा नंबर दिला.

मी जेवणानंतर फोन चालू केला तेव्हा होस्टेलचे कितीतरी मिस कॉल होते. मी परत लावला तर बाई म्हणाल्या, “दवाखान्यात नेलंय. डेंग्यू म्हणतात. वडील आहेत सोबत.” हातातली मोटर तशीच टाकून मी निघाले. गिऱ्हाइकांना आपाने सांगितलं असेल. करंजीपर्यंत एका ट्रकमध्ये, तिथून एसटीने.

वॉर्डात पोचले तेव्हा अंधार पडायला आला होता. मुलीच्या हाताला सलाइन लावलेलं होतं. पलंगाशेजारी स्टुलावर नवरा बसला होता. मोसंबी गुडघ्यांमध्ये धरून डाव्या हाताने सोलत होता, एकेक फोड तिच्या तोंडाशी नेत होता. त्याचे कपडे घरातले होते, फोन आला तसाच निघाला असणार. त्याला कोणतं काम टाकून यायचं नव्हतं.

त्याने वर पाहिलं. अगदी सहज आवाजात म्हणाला, “या. दुपार झाली वाट्टे.”

मी मुलीकडे पाहिलं. तिने डोळे मिटून घेतले होते. झोपलेली नव्हती. तोंडात फोड होती आणि ती हळूहळू चावत होती.

मी रात्रभर थांबते म्हटलं. मुलगी डोळे न उघडता म्हणाली, “बाबा थांबतील. तुला सकाळी काम असते.” तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. तिने आपली तशी व्यवस्था लावून टाकली होती, कोण कोणत्या वेळेला मिळतं त्याची.

मी तरी थांबले, वॉर्डाबाहेरच्या बाकावर. सकाळी डॉक्टर म्हणाले, धोका टळला. नवरा चहा घेऊन आला, दोन कप, एक स्वतःसाठी आणि एक शेजारच्या पलंगावरच्या म्हाताऱ्यासाठी.

मी दुसरा फोन घेतला आहे. त्याचा नंबर फक्त मुलीजवळ आहे आणि तो सकाळी माझ्या मांडीशी चालू असतो. वर्ष होऊन गेलं, त्यावर सकाळी तिचा फोन आलेला नाही. ती रोज दुपारी करते, जेवण झाल्यावर, बाकीच्या गिऱ्हाइकांसारखी. रविवारी बाप तिला भेटायला जातो, असं आपाला कुठून तरी कळलं. आम्ही आता सकाळी दोन मोटरी भरतो आणि पुसदकडूनही काम येतं. आपाच्या बाजूला आणखी एक बाई बसवली आहे. तिला ओढायला उशीर होतो, पण शिकेल. मी तिला “ध्यान ठेव” म्हणते. हात उगारत नाही.